जात कशाला म्हणावे? – तथागतांपासून सिकलसेलपर्यंत एका प्रश्नाचा इतिहास



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे स्मरणिका समितीच्या मंडळींनी मला सांगितले. महाडचा सत्याग्रह, नागपूरची धम्मदीक्षा यांवर आपल्याकडे दरवर्षी लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. पण यंदा मी वेगळा विषय घेतला आहे. मी सूतगिरणीत काम करणारा माणूस. शाळा फार झाली नाही. जे वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयात बसून आणि कार्यकर्त्यांकडून पुस्तके मागून आणून. तेव्हा लिहिण्यात उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

हा विषय मला पुस्तकातून मिळाला नाही. तो आपल्या वस्तीतून मिळाला. काही वर्षांपूर्वी आपल्या ओळखीतल्या एका मुलीचे लग्न जमत आले होते. दोन्हीकडची माणसे बौद्ध. बोलणी झाली, सुपारी फुटायची तेवढी बाकी. त्याच दिवसांत तपासणी शिबिर झाले आणि मुलगी सिकलसेलची वाहक निघाली. तिला काही त्रास नाही, शेतात दिवसभर राबणारी पोर. पण मुलाकडून निरोप आला, "पोरीचं रक्त खराब आहे, आम्हाला नको." तिची आजी माझ्याकडे आली. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "भाऊ, तू इतली पुस्तकं वाचस. पोरनं रगत खराब शे का?"

मी 'नाही' म्हणालो. पण का नाही, ते मला त्या वेळी धड सांगता आले नाही. रात्री झोप लागेना. कारण 'रक्त खराब' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. हाच शब्द आपल्या बापजाद्यांना शेकडो वर्षे ऐकवला गेला. आज तोच शब्द आपल्याच माणसाच्या तोंडून, आपल्याच पोरीसाठी निघाला होता. तेव्हापासून मी या विषयावरचे मिळेल ते वाचत गेलो. ते आज मांडतो.

हा विषय काय आहे?

जीवशास्त्र म्हणजे सजीवांचा अभ्यास, हे आपली मुले शाळेत शिकतात. पण जीवशास्त्राला लागूनच आणखी एक विषय आहे. त्याला जीवशास्त्राचे तत्त्वज्ञान म्हणतात. बेडूक कसा श्वास घेतो, हे जीवशास्त्र सांगते. पण 'जात' किंवा 'प्रजाती' म्हणजे नेमके काय? ती निसर्गात खरोखर असते, की माणसाने सोयीसाठी दिलेले ते नाव आहे? आई-बापाकडून काय उतरते आणि परिस्थितीने काय घडते? निसर्गात एखादी गोष्ट 'आहे' म्हणून समाजातही ती 'असावी' का? हे प्रश्न नुसत्या सूक्ष्मदर्शकाने सुटत नाहीत. तिथे विचार करावा लागतो. हा झाला जीवशास्त्राच्या तत्त्वज्ञानाचा प्रांत.

कुणी म्हणेल, हे मोठ्या कॉलेजातल्या प्रोफेसरांचे काम, आपल्याला काय करायचे? माझे म्हणणे उलट आहे. या प्रश्नांच्या चुकीच्या उत्तरांखाली जो समाज सर्वांत जास्त भरडला गेला, त्याला हा विषय माहीत असलाच पाहिजे. आणि आपल्या परंपरेत हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे.

तथागतांनी विचारलेला प्रश्न

सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. इच्छानंगल गावाजवळ वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद झाला. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? निवाडा होईना, म्हणून ते दोघे तथागतांकडे आले.

तथागतांनी उत्तराची सुरुवात कुठून केली पाहा. वेदापासून नाही, देवापासूनही नाही. गवत आणि झाडांपासून! गवत, झाडे, किडे, मुंग्या, चौपायी जनावरे, साप, मासे, पक्षी, अशी त्यांनी एकेक गणती केली. या प्रत्येकात जातीची वेगळी खूण दिसते, म्हणून त्यांच्या जाती वेगळ्या. मग ते माणसाकडे वळले. केस पाहा, डोके पाहा, कान, डोळे, तोंड, नाक, ओठ, भुवया पाहा. माणसामाणसांत तशी जातीची खूण कुठेच सापडत नाही. माणसांतला भेद हा फक्त नावाचा, व्यवहाराचा. जो गाई राखून व शेतीवर जगतो तो शेतकरी, जो कारागिरीवर जगतो तो कारागीर, जो व्यापारावर जगतो तो व्यापारी. त्या हिशोबाने मी गिरणी कामगार. हे माझे काम झाले, माझे रक्त नव्हे.

दुसरे अस्सलायन सुत्त, मज्झिम निकायातले. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, असा दावा अस्सलायन करतो. तथागत म्हणतात, ब्राह्मणांच्या बायकाही इतर बायकांसारख्याच विटाळशी होतात, गरोदर राहतात, बाळंत होतात, अंगावर पाजतात, मग मुखातून जन्म कुठला? पुढे ते खेचराचे उदाहरण देतात. घोडी आणि गाढव यांचे पिल्लू खेचर होते, ते धड घोडा नाही, धड गाढव नाही. तिथे भेद दिसतो. पण क्षत्रिय मुलगा आणि ब्राह्मण मुलगी यांचे मूल काय होते? माणूसच होते!

आता हे आजच्या शास्त्राशी जोडून पाहा. अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रजातीची जी व्याख्या मांडली, ती थोडक्यात अशी : जे जीव निसर्गात आपसांत संकर करून वंश पुढे चालवू शकतात, ते एका प्रजातीचे. घोडा आणि गाढव यांचे खेचर बहुधा वांझ निघते, म्हणून त्या दोन प्रजाती. माणसे मात्र जगात कुठलीही घ्या, एकच प्रजाती.

इथे एक सावधगिरीचा शब्द. 'आमच्या पोथीत सगळे विज्ञान आधीच होते' असे सांगणारे पुष्कळ आहेत. आपण त्यांच्यासारखे होऊ नये. तथागतांना जनुके माहीत नव्हती. त्यांनी प्रश्न विचारायची योग्य पद्धत दिली : आधी नीट पाहा, मग भेद आहे की नाही ते ठरवा, आणि नुसत्या नावाला वस्तू समजू नका. हे मोठेपण पुरेसे आहे. वर विमानाच्या गोष्टी जोडायची गरज नाही.

निसर्गाची शिडी

पश्चिमेकडेही हा प्रश्न होता. ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल याने प्राण्यांचे फार बारीक निरीक्षण केले. पण सजीवांची त्याने एक चढती मांडणी केली, खाली वनस्पती, वर प्राणी, त्याच्या वर माणूस. आणि काही माणसे निसर्गानेच गुलाम असतात, असेही तो म्हणून गेला. पुढच्या लोकांनी या शिडीला आणखी पायऱ्या जोडल्या. आपल्याकडे मनुस्मृतीची शिडी होतीच.

चार्ल्स डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाने या विचाराला मोठा हादरा दिला. प्रजाती कायमच्या ठरलेल्या नसतात, त्या हळूहळू बदलतात. सजीवांची मांडणी शिडीसारखी नाही, फांद्या फुटणाऱ्या झाडासारखी आहे. झाडाची कुठली फांदी श्रेष्ठ आणि कुठली कनिष्ठ, असे विचारण्यात अर्थ नसतो. अनित्यता मानणाऱ्या बौद्ध माणसाला हे समजायला जड जात नाही.

पण दुर्दैव असे की डार्विनच्याच नावाने नवी शिडी उभी केली गेली. डार्विनचा नातेवाईक फ्रान्सिस गाल्टन याने १८८३ साली सुप्रजननशास्त्राला त्याचे इंग्रजी नाव दिले. चांगल्या बीजाची माणसे वाढवा, वाईट बीजाची कमी करा, असा तो विचार. अमेरिकेत १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली. जर्मनीत नाझींनी १९३३ साली कायदा केला आणि सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी केली. पुढे काय घडले ते जगाला माहीत आहे.

भारतात हा विचार नाक मोजण्याच्या रूपाने आला. हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त होता. १८९१ साली त्याने बंगालच्या जाती-जमातींवर ग्रंथ काढला. नाकाची रुंदी आणि उंची मोजून त्याने सिद्धांत मांडला की, जितके नाक रुंद तितका माणसाचा सामाजिक दर्जा खालचा. तथागत म्हणाले होते की नाकात जात दिसत नाही. रिस्ले म्हणाला, दिसते, मी मोजली आहे!

महात्मा फुले आणि बाबासाहेब

आपल्या महाराष्ट्रात हा वाद खऱ्या अर्थाने लढला गेला. महात्मा फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त सुरुवातीलाच ब्रह्म्याच्या मुखातून ब्राह्मण जन्मला या कथेची अशी उलटतपासणी केली की वाचताना हसू आवरत नाही. मुखातून जन्म, तर मग गर्भ कुठे राहिला, विटाळ कुठे झाला? अस्सलायन सुत्ताशी हा प्रश्न किती जुळतो ते पाहा. नीट पाहणारा माणूस कुठल्याही काळात तोच प्रश्न विचारतो.

मग बाबासाहेब आले. १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मूळ वंशात किंवा रंगात आहे हे म्हणणे त्यांनी नाकारले. ते म्हणाले, जात टिकली ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनाने. म्हणजे जात निसर्गाने केली नाही. लग्नाचे दरवाजे बंद करून माणसाने ती केली.

१९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या, न दिलेल्या भाषणात त्यांनी जीवशास्त्राचाच मुद्दा हातात घेतला. काही लोक म्हणत होते, जात ही रक्तशुद्धीसाठी आहे, आधुनिक सुप्रजननशास्त्राला ती धरून आहे. बाबासाहेबांनी एकेक मुद्दा खोडला. भारतात शुद्ध वंश उरलेलाच नाही, यासाठी त्यांनी भांडारकरांच्या संशोधनाचा आधार घेतला. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वंशाचे नाते कुठले? उलट पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे. बेटसन या आनुवंशशास्त्रज्ञाचा हवाला देऊन ते म्हणाले की, उच्च मानसिक गुण एखाद्या ठोक नियमाने पिढीजात उतरतात असे दिसत नाही. आणि एक साधा प्रश्न विचारला, जो मला सगळ्यांत आवडतो. लग्नबंदी रक्तासाठी म्हणता, मग रोटीबंदी कशासाठी? एका ताटात जेवल्याने रक्त कसे बिघडेल?

१९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाचा प्रश्नही निकालात काढला. मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी नाकाच्या मापांची आकडेवारी तपासली होती. तीच आकडेवारी बाबासाहेबांनी प्रांतवार मांडली आणि दाखवून दिले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश एकच ठरतो. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. विरोधकाचीच मोजपट्टी घेऊन विरोधकालाच खोटे पाडले. कार्यकर्त्यांनी ही पद्धत शिकण्यासारखी आहे. नुसते ओरडायचे नाही, अभ्यास करून उत्तर द्यायचे.

इथे इरावती कर्वे यांचे नाव घेतले पाहिजे. १९२७ साली त्या शिकायला बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचे समर्थक. गोऱ्यांच्या कवटीत इतरांपेक्षा वेगळी ठेवण असते, हे इरावतीबाईंच्या मोजणीतून सिद्ध व्हावे, ही त्यांची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहून दिले की तसा वंशभेद आढळत नाही. परक्या मुलखात, आपल्याच गुरूच्या विरुद्ध निष्कर्ष मांडायला धैर्य लागते.

गाठीतला कापूस

१९७२ साली रिचर्ड लेवाँटिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने रक्तगट आणि रक्तातली प्रथिने यांवरून हिशोब केला. माणसांमध्ये जेवढा आनुवंशिक फरक आहे, त्यातला सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो. ज्यांना 'वंश' म्हणतात त्यांच्या-त्यांच्यात उरतो तो जेमतेम ६ टक्के.

हे मला गिरणीमुळे चटकन कळले. आमच्याकडे कापसाच्या गाठी येतात. कुठल्या गाठीचा स्टेपल लांब, कुठल्या गाठीचा आखूड, अशी सरासरी असते. पण कुठलीही गाठ फोडून मूठभर कापूस काढा, त्यात लांब, मध्यम, आखूड सगळे तंतू निघतात. एका गाठीच्या पोटात जेवढा फरक, तेवढा दोन गाठींच्या सरासरीतही नसतो. गाठीवरचा शिक्का पाहून एकेका तंतूची लांबी सांगणारा मुकादम मूर्खच म्हणायचा. माणसावरचा जातीचा शिक्का पाहून त्याची लायकी सांगणाराही तसाच.

२०१३ साली हैदराबादच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथल्या लोकसमूहांची मोठी मिसळ झाली आणि नंतर आपसांत लग्न करण्याची पद्धत घट्ट झाली, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे मिसळ आधीची आणि बंदी नंतरची. १९१६ साली पंचविशीतल्या बाबासाहेबांनी काय म्हटले होते, ते आठवा.

टिकणारा की चांगला?

आता एक शंका राहते. समजा उद्या कुणी दाखवले की अमुक समूहात अमुक गुण थोडा अधिक आहे. मग काय करायचे? इथेच जीवशास्त्र थांबते आणि तत्त्वज्ञान सुरू होते. शास्त्र फरक सांगेल. पण त्या फरकावरून कुणाला पाणी द्यायचे, कुणाला शाळेत घ्यायचे, हे शास्त्र सांगू शकत नाही. ते आपण ठरवायचे असते. काय 'आहे' यावरून काय 'असावे' हे आपोआप निघत नाही, असे डेव्हिड ह्यूम या विचारवंताने अठराव्या शतकातच बजावले होते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच मुद्दा समतेसंदर्भात मांडला आहे. जीवनसंघर्षात जो लायक तो टिकतो, असे म्हणतात. पण जो टिकला तो समाजाच्या दृष्टीने उत्तम असतोच असे नाही. समाजाला नुसता टिकणारा नको, उत्तम माणूस हवा. म्हणून धम्म समतेच्या बाजूने उभा राहतो. माणसे सगळी एकसारखी आहेत असे त्याचे कारण नाही. फरक असले तरी मान सारखाच द्यायचा, हे त्याचे कारण आहे.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या आजीच्या प्रश्नाकडे येतो. सिकलसेल म्हणजे काय? रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, सांधे दुखतात, रक्त कमी होते. कारण काय, तर हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकातला एकच बारीक बदल. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची, दुपदरी सुतासारख्या. दोन्ही पदर बदललेले असतील तर आजार. एकच बदललेला असेल तर माणूस वाहक. तो सहसा निरोगी असतो.

मग असा बदल टिकला कसा? १९५४ साली ॲलिसन या डॉक्टरने आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की, एक बदललेली प्रत असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. जिथे मलेरिया फार, तिथे हा बदल टिकून राहिला. भारतात त्याच्या नोंदी १९५२ पासून आहेत. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा बांधवांत तो आहे, विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आहे, आणि इतर समाजांतही आहे. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस इथेही आहे. तेव्हा 'हा अमक्या जातीचा आजार' हे म्हणणेच अडाणीपणाचे. तो जातीवरून आला नाही, डासावरून आला!

यातून केवढी मोठी गोष्ट कळते पाहा. एकच जनुक. मलेरियाच्या जंगलात एक प्रत म्हणजे ढाल. दोन प्रती झाल्या तर दुखणे. मग त्याला चांगले म्हणायचे की वाईट? परिस्थितीशिवाय उत्तरच देता येत नाही. सगळे काही कारणांवर अवलंबून उत्पन्न होते, हा प्रतीत्यसमुत्पाद आपण विहारात ऐकतो. तो इथे आपल्या रक्तात दिसतो. ज्या पोरीचे 'रक्त खराब' म्हटले, त्याच रक्ताने कदाचित तिच्या पणजीला तापातून वाचवले असेल.

लग्नाचा हिशोबही साधा आहे. एक वाहक आणि दुसरा नॉर्मल असेल तर मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही, फार तर मूल वाहक होईल. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक अशी आजाराची शक्यता असते, तेव्हा तिथे डॉक्टरांचा सल्ला घेतला पाहिजे. म्हणून तपासणी दोघांची हवी. त्या मुलाची तपासणी कुणी केली होती का? कुणीच नाही! ठपका फक्त मुलीवर. यात जीवशास्त्र कुठे आहे? यात जुनी मनुस्मृतीच आहे, हातात नुसता प्रयोगशाळेचा कागद घेतलेली.

ते स्थळ गेले ते गेलेच. पुढे त्या मुलीचे लग्न दुसरीकडे झाले. त्या मुलाने आपण होऊन रक्त तपासून घेतले, तो नॉर्मल निघाला आणि याच विहारात मंगल परिणय झाला. आजी लग्नात पहिल्या रांगेत बसली होती.

सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही या आजाराचा समावेश आहे. याचा लाभ घ्या. रुग्णांना औषध-पाणी वेळेवर द्या. पण त्याचबरोबर एक शपथही घ्या : तपासणीचा कागद माणसाला सांभाळण्यासाठी वापरू, माणसाला नाकारण्यासाठी नाही. आपल्या घरातली मुले-मुली लग्नाच्या वयाची झाली की दोघांची तपासणी करा आणि 'रक्त खराब' हा शब्द तोंडातून काढून टाका.

वासेट्ठ आणि भारद्वाज यांनी विचारलेला प्रश्न संपलेला नाही. तो दर पिढीत नव्या कपड्यात येतो. कधी पोथी घेऊन येतो, कधी नाक मोजायचे यंत्र घेऊन, कधी रक्ताचा रिपोर्ट घेऊन. दर वेळी नीट पाहून, अभ्यास करून उत्तर देणे हे आपले काम आहे. विहार त्यासाठीच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!